राजाचा प्रश्न आणि नागसेनाची अट

(वस्तीवरच्या अभ्यासिका चालवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापलं आहे.)



मला सांगण्यात आलं की 'शिक्षण आणि आपण' या विषयावर बोला. असल्या विषयावर बोलणं सोपं असतं. मोठमोठी वाक्यं फेकायची, टाळ्या घ्यायच्या, चहा प्यायचा आणि घरी जायचं. ते मी करणार नाही. मी मास्तर आहे. तीस वर्षं खडू घासतोय. संध्याकाळी तुमच्यासारखाच विहाराच्या ओट्यावर पोरं गोळा करून बसतो. म्हणून मी आज एका बारक्या गोष्टीवर बोलणार आहे. मास्तर वर्गात प्रश्न विचारतो, त्या प्रश्नावर.

तुमच्यातला एखादा मनात म्हणत असेल, च्यायला, शिष्यवृत्त्या अडकल्यात, वसतिगृहात जागा नाही, नोकऱ्या कंत्राटात गेल्या, आणि हा मास्तर प्रश्न कसा विचारायचा ते शिकवतोय! रास्त आहे. त्या लढाया रस्त्यावर लढायच्या आहेत, त्यात मी मागे राहणार नाही. पण आपल्या वस्तीतली जी पोरं सातवी-आठवीत शाळा सोडून गॅरेजला, केटरिंगला, बिगारीला लागली, त्यांना एकदा गाठा. विचारा, का सोडलीस? घरची ओढाताण तर सांगतीलच. पण थोडं आणखी बसलात की हळूच दुसरं बाहेर येतं. 'सर उभं करायचे. काय यायचं नाही. पोरं हसायची.' पोटाची आग माणसाला शाळेबाहेर ओढते हे खरं, पण वर्गातलं ते हसू त्याला मागून ढकलतं. आगीविरुद्ध आपण मोर्चे काढले. हसण्याविरुद्ध काय केलं?

माझंच सांगतो. साल १९८१. मी पाचवीत. शाळेचं नाव सांगत नाही, कारण ती एकच शाळा नव्हती, सगळ्या तशाच होत्या. इतिहासाचा तास चालू. शिपाई कसला तरी कागद घेऊन आला. मास्तरांनी तो वाचला आणि वर्गाला विचारलं, 'बी.सी. सवलतवाले कोण कोण? उभे रहा.'

आम्ही सात जण उभे राहिलो. मान खाली. बाकीचा वर्ग आमच्याकडं बघतोय. मास्तरांनी डोकी मोजली, शिपायाला आकडा दिला, तो गेला. आम्हाला बसा म्हणायचं मात्र ते विसरले. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, 'उभाच आहेस तर सांग, पानिपतची तिसरी लढाई कधी झाली?'

मला येत होतं. १७६१. आदल्या रात्री दिव्याखाली घोकलं होतं. पण तोंडच उघडेना. जीभ टाळूला चिकटली. मास्तर म्हणाले, 'सरकार फुकट पुस्तकं देतं तरी डोक्यात काही शिरत नाही.' वर्ग हसला. पुढची दोन वर्षं मी हात वर केला नाही. मास्तरांच्या वहीत मी 'ढ' झालो, आणि हळूहळू माझ्याही वहीत झालो.

मला वाटायचं, हे फक्त माझंच झालं. आपण भित्रे, आपलंच चुकलं. पुढं मास्तर झाल्यावर एका प्रयोगाबद्दल वाचलं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. अर्धी पोरं सवर्ण, अर्धी आपली. जात कुणाला सांगितली नाही तेव्हा दोघांचा निकाल सारखा आला. मग दुसऱ्या गटांत कोडं देण्यापूर्वी प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. कोडी तीच होती, पण आपल्या पोरांचा निकाल धाडकन खाली आला. २००६ साली हे छापून आलंय. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. 'सवलतवाले उभे रहा' आणि लगोलग 'पानिपत कधी झालं?' असं म्हणणारे माझे मास्तर हाच प्रयोग न शिकता करत होते.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. वर्गातला प्रश्न एकटा येत नाही. त्याच्यामागून सगळी गावकी चालत येते. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात होते तेव्हाचा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं. बाबासाहेब उठले मात्र, सवर्ण पोरांनी एकच धूम ठोकली. कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ गेला तर डबे बाटतील! आधी डबे हलले, मग गणित सुटलं. आजही आपलं पोरगं फळ्याकडं निघालं की काहीतरी हलतं. आता डबे नसतात, भुवया असतात.

आता मी तुम्हाला एका राजाची गोष्ट सांगतो. राजा मिलिंद. ग्रीक वंशाचा, मिनँडर म्हणतात तो. 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ त्याच्याच प्रश्नांचा. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, त्याला याच मिलिंदाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन म्हणू लागले. आपल्या मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीनं तिथं डोळे उघडले. कॉलेजच्या पाटीवर प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि आजूबाजूला उत्तर देणाऱ्याचं. कधी विचार केलाय यावर?

तर मिलिंद भिक्खू नागसेनाला म्हणतो, माझ्याशी वाद कर. नागसेन म्हणतो, करीन, पण एक अट आहे. पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू. राजासारखा बोलणार असशील तर नाही. राजा विचारतो, यात फरक काय? नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात एकाचं म्हणणं दुसरा खोडतो, चूक दाखवतो, चूक कबूल होते, आणि कुणी रागावत नाही. राजा मात्र एक गोष्ट धरून बसतो आणि जो ती मानत नाही त्याला म्हणतो, याला शिक्षा करा. मिलिंदानं अट मान्य केली, मगच वाद पुढं सरकला.

याच्या उलट बृहदारण्यक उपनिषदात बघा. गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते. हे कशावर उभं आहे? मग ते कशावर? शेवटी याज्ञवल्क्य म्हणतो, फार विचारू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल. म्हणजे याच देशात दोन परंपरा आहेत. एक म्हणते, चुकलास तरी बोल. दुसरी म्हणते, जास्त विचारलंस तर डोकं जाईल. आपल्या शाळांनी कोणती उचलली, सांगायला पाहिजे का?

आपल्या वर्गात राजा बसलाय. उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे. त्याला काही जाणून घ्यायचं नाही, त्याला पकडायचंय. कोण अभ्यास करून आला नाही, कोणाचं लक्ष खिडकीत आहे, कोणाला खाली बसवायचं. तो प्रश्न विचारतो, पोर उत्तर देतं, तो 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतो, पुढचं पोर. पोलीस चौकीत आणि या वर्गात मला फार फरक दिसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं वर्गातला मार आणि मानसिक छळ, दोन्ही बंद केलेत. छडी बऱ्याच ठिकाणी गेली. पण छडीचं काम प्रश्नाकडं आलं, आणि प्रश्नाचा वळ दिसत नाही.

पण थांबा. दुसऱ्याला शिव्या घालून मी सुटणार नाही. हा राजा माझ्यातही बसला होता.

माझ्या अभ्यासिकेत सातवीतली एक पोरगी यायची. एकदा मी बोट दाखवून तिला विचारलं, 'सात आठे?' ती गप्प. मी एवढंच थांबलो, एवढंच, चुटकी वाजवायला लागतो तेवढा वेळ. आणि म्हणालो, 'घरी काय झोपा काढतेस?' पोरं हसली. पोरगी आठ दिवस आली नाही. घरी गेलो तर तिची आई म्हणाली, 'सर, झोपा कुठल्या काढते? पहाटे चारला नळावर असते. रांग लावते, पाणी भरते, मग शाळेला जाते.' मी त्या माऊलीसमोर उभा, आणि मला माझेच १९८१ चे मास्तर दिसले. फरक एवढाच की हा मास्तर निळा झेंडा लावलेल्या विहारात बसला होता.

तेव्हापासून मी नीट वाचायला लागलो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या आसपास मास्तरांच्या तासांच्या टेपा ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर मास्तर किती थांबतो? सरासरी एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही तर स्वतःच सांगतो, नाहीतर दुसऱ्याकडं वळतो. आणि ज्या पोरांना तो कच्ची समजतो त्यांना त्याहूनही कमी वेळ. बाईंनी मास्तरांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लावलं. उत्तरं लांब झाली, 'येत नाही' म्हणणं कमी झालं, कधी न बोलणारी पोरं बोलली, आणि पोरं स्वतः प्रश्न विचारू लागली. फक्त तीन सेकंद! हजारो वर्षं ज्यांना थांबवून ठेवलं, त्यांच्यासाठी आम्हाला तीन सेकंद थांबता येत नाही.

ती पोरगी परत आली. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण अपमानही सगळ्यांसमोर केला होता. आणि त्या दिवशी पुस्तकातलं टाकीचं गणित बाजूला ठेवून विचारलं, 'तुमच्या घरात माणशी रोज किती पाणी लागतं? आधी शेजाऱ्याशी बोला. मग सांगा, आणि कसं काढलं तेही सांगा.' उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. मनात पाच मोजले. दहा मोजले. कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, 'हंडा पंधरा लिटरचा धरू.' दुसरा म्हणाला, 'आमचे आठ हंडे.' म्हणजे १२० लिटर. घरात पाच माणसं, माणशी २४ लिटर. आणि मग ती पोरगी, जिला सात आठे येत नव्हते म्हणून मी झोपाळू म्हटलं, ती बोलली. 'सर, नळावरून आणताना सांडतं ते धरायचं का नाही?'

मित्रांनो, हा पंडिताचा प्रश्न आहे. मोजमाप म्हणजे काय, चूक किती धरायची, घरात आलेलं पाणी आणि वापरलेलं पाणी यात फरक कुठं, हे सगळं त्या एका वाक्यात आहे. बाबासाहेब कोलंबियात ज्या जॉन ड्यूईंकडं शिकले, ते १९१० पासून सांगत होते की माणूस कुठंतरी अडतो तेव्हाच त्याचा विचार सुरू होतो. आपली पोरं तर पहाटे चारपासून अडलेली असतात. त्या अडण्याला आपण वर्गात कधी येऊ दिलं?

मग मी त्यांना सांगितलं की मुंबई महापालिकेच्या हिशेबात वर्षानुवर्षं झोपडपट्टीला माणशी ४५ लिटर आणि इमारतीला १३५ लिटर असं माप होतं. पोरांनी भागाकार केला. तिप्पट. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मी पण नाही. मग मागच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, 'सर, बिल्डिंगवाल्यांना तहान जास्त लागते का?' गणिताचा तास कुठं संपला आणि नागरिकशास्त्राचा कुठं सुरू झाला, ते मला कळलं नाही. सात आठे मात्र सगळ्यांचे पाठ झाले, कारण हिशेबाला लागत होते.

आता कामाचं बोलतो. उद्या तुम्ही अभ्यासिकेत जाल तेव्हा काय करायचं?

एक. 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. त्याला एकच उत्तर येतं, 'हो सर', आणि ते खोटं असतं. त्याऐवजी म्हणा, 'हे तुझ्या धाकट्या भावाला कसं सांगशील?'

दोन. आधी प्रश्न, मग नाव. 'अमुक, सांग रे' असं आधी म्हटलं की बाकीचा वर्ग सुटतो आणि त्या एकाच्या पोटात गोळा येतो. प्रश्न सगळ्यांना टाका, मनात पाच मोजा, शेजाऱ्याशी बोलू द्या, मग नाव घ्या. आणि नाव घेताना आडनाव घेऊ नका.

तीन. त्याच तीन हातांना विचारू नका. रोज रात्री आठवा, आज कुणाला विचारलं? पोरींना किती? मागच्या भिंतीला टेकलेल्याला किती? वहीत खुणा करा. मी केल्या, आणि पहिल्या आठवड्यात लाज वाटली.

चार. चुकीचं उत्तर आलं तर ते उचलून धरा. पोर म्हणतं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश. 'चूक!' म्हणून ओरडू नका. विचारा, 'तुझ्याकडं अर्धी भाकरी आहे. तिच्यात मी आणखी तिसरा हिस्सा टाकला. आता तुझ्याकडं अर्धीपेक्षा जास्त की कमी?' जास्त, म्हणेल. 'आणि दोन पंचमांश म्हणजे अर्धीपेक्षा जास्त की कमी?' पोर थांबतं, बोटं मोडतं, आणि हसतं. 'सर, भाकरी टाकली तरी कमी झाली!' आता ते स्वतःच परत फिरेल. आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारा, 'कसं काढलंस?' नाहीतर पोरांना कळतं की 'कसं' विचारलं म्हणजे आपलं चुकलं.

पाच. शेवटची दहा मिनिटं पोरांची. त्यांनी विचारायचं, तुम्ही ऐकायचं. तथागतांनी प्रश्नाला सामोरं जायच्या चार तऱ्हा सांगितल्यात. काही प्रश्नांना सरळ उत्तर द्यावं. काहींची फोड करून द्यावं. काहींना उलट प्रश्न विचारून द्यावं, भाकरीचं केलं तसं. आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. 'गप बस' ही पाचवी तऱ्हा त्यात नाही. येत नसेल तर म्हणा, 'मला येत नाही, उद्या शोधून आणतो.' आणि उद्या खरंच आणा.

आणि आता कडू बोलतो. हे फक्त शाळेचं नाही. आपल्या शिबिरांतही राजे आहेत. स्टेजवर पुढारी बसतो. एखादं पोरगं उठून विचारतं, 'असं का?' की चार जण त्याच्यावर धावतात. 'बाबासाहेबांनी सांगितलंय, तू कोण शहाणा?' अरे, ज्या माणसानं १९४६ साली पुस्तकाचं नावच ठेवलं 'शूद्र पूर्वी कोण होते?', त्याच्या नावानं तुम्ही प्रश्न बंद करता? कालामांना तथागतांनी सांगितलं की परंपरेनं चालत आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. बापाचा फोटो भिंतीवर लावला की बापाचं काम संपत नाही.

आपल्या लेखनाची सुरुवातसुद्धा प्रश्नातूनच आहे. जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांगाची पोर. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल. थोडी वर्षं शाळा शिकलेली पोर, आणि ती देवाधर्माला सरळ विचारते की वेदांचा अधिकार नाही तर आमचा धर्म तरी कोणता? तिला कुणीतरी वर्गात बोलू दिलं असेल, तिचं बोलणं संपेपर्यंत कुणीतरी थांबलं असेल, म्हणूनच ती लिहू शकली. शिक्षकाचं एवढंच काम आहे, आणि एवढं मोठं काम आहे.

तर उद्या अभ्यासिकेत पोरांना एक तरी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. आणि नागसेनाची अट आधी स्वतःला घाला.

माझं संपलं. आता तुम्ही विचारा. माझ्या बोलण्यात चुका असतील त्या दाखवा, मी रागावणार नाही. कुणी बोलत नाही म्हणून लगेच आभारप्रदर्शन उरकू नका. मी थांबतो.

जयभीम.